संग्रहालय कसे पाहावे?

संग्रहालय म्हणजे केवळ राजांच्या तलवारींचे कोठार नव्हे. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी १९२० च्या सुमारास दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरगुती वस्तू पदरमोड करून जमविण्यास प्रारंभ केला. बालपणीच दिवंगत झालेल्या आपल्या पुत्राचे, राजाचे, नाव त्या संग्रहास देऊन १९७५ साली त्यांनी तो महाराष्ट्र शासनास अर्पण केला. असा संग्रह पाहताना प्रत्येक वस्तूविषयी तीन प्रश्न विचारावे : ही कोणी घडविली, कोणी वापरली, आणि का मागे पडली? एकोडीसारख्या भातपिकाच्या गावी एखाद्या घरात धान्य मापण्याची जुनी पायली असेल, भंडाऱ्याचे पितळी भांडे असेल. ते मोडीत देण्यापूर्वी आजीस हेच प्रश्न विचारा आणि उत्तरे लिहून ठेवा. तशी वस्तू पुन्हा मिळेलही. तिची हकीकत सांगणारे माणूस मिळणार नाही.