गोळी कायमची सोडायच्या आधी जरा बस बघू

अगं, "गोळी मी बंदच केलीय, डॉक्टरांना अजून बोलले नाहीये" हे तू फोनवर इतकं हळू सांगितलंस की मला वाटलं, शेजारी तुझ्या सासूबाई बसल्यात. घाबरतेस कशाला? कोलेस्टेरॉलची गोळी गुपचूप सोडणारी तू काही पहिली नाहीस. आपल्या मंडळाच्या पॉटलकला विचारून बघ, किती जणींच्या घरी ती नारिंगी डबी आहे. आणि मग विचार, रोज घेता का. सगळ्यांना एकदम कोशिंबीर वाढायची आठवण होईल. मी ओरडणार नाहीये. चहा टाक, आणि जरा ऐकून घे.

तुझ्या पोटऱ्या दुखतात, मांड्या भरून येतात, हे मला शंभर टक्के मान्य आहे. "मनाचे खेळ" असं कुणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठव. प्रश्न इतकाच की दुखतंय ते गोळीनेच का? आता बघ. गोळी तू जुलैत सुरू केलीस. त्याच जुलैत ढोल पथकात नाव दिलंस. वर्षभर लॅपटॉपसमोर बसलेली बाई दर शनिवारी शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये उन्हात कमरेला ढोल बांधून उभी राहायला लागली, तर पाय काय आशीर्वाद देतील? त्यात वय सत्तेचाळीस, पाळी पुढे-मागे व्हायला लागलेली. या काळात खांदे आखडतात, झोप उडते, सांधे कुरकुरतात. थायरॉइड मंदावतं, डी जीवनसत्त्व कमी असतं, तेही पायांतच उतरतं. पण यातल्या कशालाच सुरुवातीची तारीख नसते गं. गोळीला असते, डबीवर छापलेली. म्हणून सगळा आळ तिच्यावर.

आणि फार्मसीवाले पिशवीला ते लांबलचक पत्रक स्टेपल करून देतात ना, ते तू रात्री वाचलं असणारच. मी वाचलं होतं. त्यातला पुरुषांना होणारा एक त्रास सोडला, तर बाकीचे सगळे मला सकाळपर्यंत झाले होते!

हसू नकोस, यावर चांगला अभ्यास झालाय. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या डॉक्टरांनी अशी 60 माणसं घेतली, ज्यांनी त्रासापायी स्टॅटिन, म्हणजे तुझ्यासारखीच कोलेस्टेरॉलची गोळी, सोडून दिलं होतं. प्रत्येकाला बारा महिन्यांच्या बारा बाटल्या. चारांत खरी गोळी, चारांत दिसायला तशीच पण औषध नसलेली, आणि चार बाटल्या रिकाम्याच. रोज त्रासाला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे. गोळीच नाही त्या महिन्यांत सरासरी 8 गुण, खऱ्या गोळीच्या महिन्यांत 16.3. म्हणजे दुप्पट. बघ, लोक खोटं बोलत नव्हते. पण औषध नसलेल्या गोळीच्या महिन्यांतही 15.4! 2020 साली हे छापून आलं. मला यातलं सर्वांत काय आवडलं सांगू? प्रत्येकाला आपापला तक्ता दाखवल्यावर निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. कुणी दामटून नव्हे, स्वतःच्या डोळ्यांनी बघून.

तेव्हा दुखणं खरं असू शकतं आणि गोळी निर्दोषही असू शकते. आणि काही जणींना खरंच गोळीचाच त्रास होतो, हेही तितकंच खरं. तो कसा ओळखायचा? साधारण गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सुरू होतो. दोन्ही बाजूंना सारखाच असतो, आणि मोठ्या स्नायूंत, म्हणजे मांड्या, पोटऱ्या, खांदे. गोळी थांबवली की काही आठवड्यांत ओसरतो. नुसता उजवा गुडघा किंवा एकच टाच ठणकत असेल तर गोळीला शिव्या देऊ नकोस, चपला बदल.

आता एक गोष्ट मात्र गंमत न करता सांगते. अंगात ताकदच नाही, खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतोय, दुखणं असह्य आहे, लघवी कोऱ्या चहासारखी काळपट होतेय, किंवा डोळे पिवळे दिसताहेत, तर गोळी त्या क्षणी थांबवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. वाट बघायची नाही, मला फोन करत बसायचं नाही. स्नायू असे गंभीरपणे बिघडणं फार क्वचित होतं, दहा हजारांत एखाद्याला. पण त्या वेळी उद्यावर ढकलायचं नसतं.

तुझं प्रकरण तसं नाही. उलट न विचारता गोळी सोडून तू नकळत डॉक्टरांचं अर्धं काम करून ठेवलंयस. तेही अनेकदा हेच करतात. थोडे आठवडे गोळी थांबवायची, दुखणं जातं का बघायचं, मग पुन्हा सुरू करून परत येतं का बघायचं. तेव्हा आता लपवू नकोस, वापर त्याचा. कधी सुरू केली, पाय कधी दुखायला लागले, कधी सोडली, आणि सोडल्यावर फरक पडला का, एवढं लिहून काढ. ढोलाचे शनिवार पण लिही, कारण डॉक्टर सीके नावाची रक्ततपासणी करतील आणि दणकून व्यायाम केला की ती गोळीशिवायही वाढते. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस ढोलाला हात लावू नकोस, आणि बर्फ पडलाच तर नवऱ्याला फावडं दे. (हार्टचं ऑपरेशन किंवा स्टेंट झालेल्या कुणी मात्र हे असं परस्पर सोडायचं नाही हं. तुझ्या दिरांना सांग.)

खरं सांगू का, तू ज्याला घाबरतेयस ते डॉक्टरांचं रागावणं नाहीच आहे. तुला वाटतंय, तिथे गेले की एकच उत्तर मिळणार, हीच गोळी गिळा नाहीतर मरा. तसं नसतं गं. एकाच घरात चार जावा चार स्वभावांच्या असाव्यात तशी ही औषधं आहेत. एकीशी नाही जमलं तर दुसरीशी जमतं. आणि आपल्याला माहीत असायलाच हवी अशी एक गोष्ट आहे. तुझ्या डबीवर रोझुवास्टॅटिन लिहिलंय, तीच क्रेस्टॉर. आशियाई वंशाच्या लोकांच्या, त्यात आपण भारतीयही आलो, रक्तात तिचं प्रमाण गोऱ्या लोकांच्या मानाने जवळपास दुप्पट दिसतं. म्हणून आशियाई रुग्णांना 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी असं अमेरिकेतल्या तिच्या अधिकृत माहितीपत्रकातच आहे. तुला थेट 20 वर ठेवलंय. विचार ना! "माझं कुटुंब भारतातलं आहे, मला कमी डोसवर चालेल का?" एवढंच वाक्य. डॉक्टर दिवसाला वीस माणसं बघतात, त्यांच्या लक्षात येईलच असं नाही.

कमी डोस म्हणजे कमी फायदा, असं गणितही मनात धरू नकोस. या औषधांचा बराचसा असर पहिल्या छोट्या डोसमध्येच येतो. डोस दुप्पट केला तर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. त्यापेक्षा छोट्या डोसला एझेटिमाइब नावाची दुसरी साधी गोळी जोडली तर ते त्याहून बरंच जास्त खाली येतं. ती आतड्यातून कोलेस्टेरॉल शोषलं जाऊ देत नाही आणि जेनेरिकमध्ये स्वस्त मिळते. रोझुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकतं, म्हणून काही जणींना डॉक्टर दिवसाआड द्यायला तयार होतात. स्टॅटिन अजिबातच सोसत नसेल तर बेम्पेडोइक ॲसिड आहे. 2020 मध्ये ते इथे आलं. ते यकृतात जाऊन कामाला लागतं, स्नायूंत नाही. स्टॅटिन न सोसणाऱ्या जवळपास चौदा हजार लोकांवर त्याची चाचणी झाली, त्यात निम्म्याच्या आसपास बायका होत्या, आणि 2023 च्या निकालात हार्ट ॲटॅक कमी झालेले दिसले. युरिक ॲसिड वाढून गाउटचा त्रास मात्र होऊ शकतो. त्यापुढे दोन आठवड्यांनी घ्यायची इंजेक्शनं आहेत, पण त्यासाठी इन्शुरन्सशी प्रायर ऑथरायझेशनची कुस्ती खेळावी लागते. ते नंतरचं नंतर.

"पण मला द्यायचीच कशाला, मी तर जाडही नाही," असं म्हणालीस ना? अगं, इथेच तर मेख आहे. आपल्या लोकांना बारीक असतानाही हृदयविकार गाठतो. 2018 च्या अमेरिकन हृदयरोग मार्गदर्शक सूचनांत दक्षिण आशियाई वंश हाच जोखीम वाढवणारा मुद्दा म्हणून लिहिलाय. आपल्यावर इथे वेगळा अभ्यासही चालू आहे. 2010 मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागोच्या भागातल्या 906 लोकांना घेऊन तो सुरू झाला. त्याचं नाव मसाला, खरंच! आणि त्याच 2018 च्या यादीत आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या बायका कधीच सांगत नाहीत: चाळिशीच्या आत पाळी जाणं आणि गरोदरपणात बीपी वाढून झालेला प्रीएक्लॅम्पसिया. धाकट्याच्या वेळी तुला लवकर ॲडमिट केलं होतं, आठवतंय? मी डबे आणत होते आणि तू मीठ नाही म्हणून रडत होतीस. ते तुझ्या आत्ताच्या डॉक्टरांना माहीत आहे का? नसणारच. तेव्हा हॉस्पिटल वेगळं होतं, गाव वेगळं होतं. सांग त्यांना.

आता ते रेड यीस्ट राइस. ते आणलंयस हे मला तुझ्या धाकट्याने सांगितलं, उगाच डोळे मोठे करू नकोस. "नैसर्गिक आहे" म्हणून घेतलंस ना? त्यात जे काम करतं ते मोनाकोलिन के, म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच. 1987 साली इथे मान्यता मिळालेलं पहिलं स्टॅटिन. फरक एवढाच की या बाटलीत ते किती आहे हे कुणीच मोजून दिलेलं नसतं. दुखणं तेच, आणि डोसाचा पत्ता नाही. आणि तुझी डबीतली गोळी तरी कुठून आली? अकिरा एन्डो नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात हजारो बुरश्या तपासून त्यातल्या एकीतून पहिलं स्टॅटिन काढलं. म्हणजे दोन्हीकडे मूळ बुरशीच. मोजलेली घे.

ग्रेपफ्रूटचंही विचारत होतीस. सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि काही प्रमाणात ॲटोरव्हास्टॅटिन यांच्याबरोबर ते नको, त्याने औषध रक्तात साठतं. ते पपनसाचंच पोर, त्यामुळे पपनसही जपून. तुझ्या रोझुवास्टॅटिनला त्याचं सोयरसुतक नाही, पण डॉक्टरांनी गोळी बदलली तर लक्षात ठेव. याहून जास्त लक्ष औषधांकडे दे. घसा बसला म्हणून अर्जंट केअरला गेलीस आणि त्यांनी क्लॅरिथ्रोमायसिन लिहून दिलं, तर आधी तोंड उघडून सांगायचं की मी कोलेस्टेरॉलची गोळी घेते. काउंटरवरचा फार्मासिस्ट फुकट सांगतो गं सगळं. आपण "एनी क्वेश्चन्स?" ला "नो, थँक यू" म्हणून पळतो, ते बंद कर.

साखरेची धास्ती वाटत असेल तर ती अगदीच खोटी नाही. 2012 पासून इथल्या एफडीएने माहितीपत्रकात साखर वाढण्याचा उल्लेख घालायला लावलाय. ज्यांची साखर आधीच काठावर असते, त्यांना मधुमेह थोडा लवकर गाठू शकतो. तुझी काठावर आहे, म्हणून एवनसी तपासत राहा, आणि मुलांच्या ताटातली उरलेली पोळी-साखर संपवणं सोड. लिव्हरसाठी दर काही महिन्यांनी रक्त काढायची सक्ती मात्र त्याच वर्षी गेली, लक्षणं नसतील तर. आणि तुझ्या बहिणीला हीच गोळी चालू आहे आणि बाळाचा विचार आहे म्हणालीस, तर तिने आधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. गरोदरपणात बहुतेकींची ही गोळी थांबवतात, अंगावर पाजताना घेत नाहीत.

कोक्यूटेन नावाच्या सप्लिमेंटचं विचारू नकोस, पुरावा धड हो नाही, धड नाही नाही, आणि बाटली महाग.

आणि हो, आई मेमध्ये येतेय ना? ती पुण्याहून गोळ्यांच्या पिशवीभर पट्ट्या आणेल आणि तुझे पाय बघून म्हणेल, "माझी घे बाळा, मला काही होत नाही." प्रेमाने म्हणेल, पण घ्यायची नाही. तिकडे एकाच गोळीत स्टॅटिन आणि फेनोफायब्रेट अशी जोडी सर्रास मिळते, आणि ती दोन्ही एकत्र असली की स्नायूंकडे जास्त लक्ष ठेवावं लागतं. तिच्या प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूचा फोटो काढून ठेव, नाव आणि डोस वाचता येईल असा. ती इथे आजारी पडली तर डॉक्टर पहिलं तेच मागतील. आणि डॉक्टरांना मायचार्टवर हे सगळं सांगणारा मेसेज आज जेवणाआधीच टाक. उद्या शनिवार, मग सोमवारपर्यंत कुणी उघडूनही बघत नाही.