संगणकाची कार्यप्रणाली : किती वर्षांनी बदलावी?

संगणकाच्या यंत्रभागांकडून काम करवून घेणारी जी मूळ आज्ञावली, तिला ऑपरेटिंग सिस्टीम अर्थात कार्यप्रणाली म्हणतात. तिची नवी आवृत्ती निघताच घ्यावी की जुनीवरच निभावून न्यावे, हा प्रश्न आता कलाशाखेच्या विद्यार्थ्यालाही टाळता येत नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आहे त्याच आवृत्तीतील दोष काढणे ही दुरुस्ती. संपूर्ण प्रणाली बदलणे हे स्थित्यंतर. घराची कौले दरवर्षी शाकारावी लागतात, म्हणून कोणी दरवर्षी घर नवे बांधत नाही.

दुरुस्तीत मात्र दिरंगाई नको. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या उपद्रवी आज्ञावलीने जगभरातील असंख्य संगणक बंद पाडले. ज्या दोषातून ती शिरली, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळीच बसवली, त्यांच्या संगणकांत तिला त्या वाटेने शिरता आले नाही.

स्थित्यंतराचा काळ ठरतो तो दुरुस्त्यांच्या मुदतीवरून. विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली. तिची मुदत ८ एप्रिल २०१४ रोजी संपली. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० ची नियमित मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतपणे चालत नाही. अशा वेळी चालता संगणक मोडीत काढण्यापूर्वी उबुंटूसारख्या विनामूल्य लिनक्स प्रणालीचा विचार करावा. तिची दीर्घ मुदतीची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते आणि तिला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात.

मराठी लिहिणाऱ्याला आणखी एक सावधगिरी हवी. युनिकोड रुळण्यापूर्वीचा पुष्कळ मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टवर अवलंबून आहे. तो फॉन्ट नसेल, तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. शिवाय १६-बिट काळातील जुने कार्यक्रम ६४-बिट विंडोजवर चालतच नाहीत. कथा, कविता, टिपणे सगळे जागेवर असून वाचता येत नाही, अशी अवस्था होते. म्हणून जुना संगणक चालू आहे तोवरच असा मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

मलकापूरसारख्या पावसाळी भागात वेळही पाहावी लागते. प्रणाली बदलताना मध्येच वीज गेली, तर संगणक सुरूच न होण्याचा धोका असतो. परीक्षेचे दिवस आणि ऐन पावसाळा टाळून उन्हाळी सुट्टी निवडावी. आधी मजकुराची प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवावी. अनेक संगणक असल्यास प्रथम एकावरच प्रयोग करून मुद्रणयंत्र आणि मराठी टंकलेखन नीट चालते का, ते तपासावे.

सारांश, दुरुस्ती आली की बसवावी. स्थित्यंतर मात्र नावीन्याच्या ओढीने करू नये आणि मुदत उलटेपर्यंत लांबवूही नये. मुदतीच्या आदल्या वर्षीची उन्हाळी सुट्टी हा त्याचा योग्य काळ होय. कारण संगणक पुन्हा विकत घेता येतो. त्यात हरवलेले लेखन पुन्हा मिळेलच असे नाही.