अपुरी राहिलेली गोधडी
(घरकामाचा पाठ)

नाशिक जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत माळ्यावर अथवा पत्र्याच्या पेटींत एक गाठोडें असतें. त्यांत आईनें किंवा आजीनें हातीं घेतलेली, परंतु पुरी न झालेली गोधडी असते. दोन बाजू शिवलेल्या, मधला भाग मोकळा, कच्च्या टाक्यांचा दोरा लोंबत असलेला, आणि कापडांत तशीच खोंचून ठेवलेली गंजलेली सुई. शिवणारी आतां नाहीं. घरचीं माणसें तें गाठोडें टाकीत नाहींत व उघडीतही नाहींत. अशा गोधडीचें काय करावें, हा आजच्या पाठाचा विषय आहे. त्याचें थोडक्यांत उत्तर असें कीं, ती पुरी करावी. परंतु पुरी करणें म्हणजे पहिल्या हाताचें काम झांकून टाकणें नव्हे, हें ध्यानांत ठेवून ती पुरी करावी. हें कसें साधावें तें क्रमानें पाहूं.

१. गोधडी म्हणजे काय

जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक ठेवून धावदोऱ्यानें एकजीव केलेलें पांघरूण म्हणजे गोधडी. ती फार जाड असली म्हणजे तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलाकरितां केलेली लहान गोधडी म्हणजे दुपटें. नऊवारी लुगडें सुमारें सव्वाआठ मीटर लांब असतें. तें चार पदरी दुमडलें म्हणजे दोन मीटरांहून किंचित् लांब असे चार थर होतात, आणि लुगड्याचा पन्हा एका माणसाच्या पांघरुणास पुरतो. म्हणजे नेसून विरलेलें एक लुगडें एका माणसाची थंडी निवारूं शकतें. हा हिशेब आपल्या आज्यांस शाळेंत न जातां ठाऊक होता.

गोधडीची ऊब कापडांत नसून थरांमध्यें अडकलेल्या हवेंत असते. टांका जवळजवळ घालण्याचें कारणही असेंच आहे. एकटें विरलेलें कापड ओढतांच फाटतें. परंतु चार विरलेलीं कापडें शेंकडों टाक्यांनीं एकत्र बांधलीं म्हणजे ओढ सर्वांवर वांटली जाते आणि कोणा एकावर पडत नाहीं. पुष्कळ गांवीं शिवण काठापासून आरंभून चौकोनांत चौकोन अशी मध्याकडे नेतात. शेतांतलीं कामें उरकल्यावर व पाऊस लागण्यापूर्वीं, उन्हाळ्याच्या दुपारीं, शेजारणी चार बाजूंस बसून हें काम करीत.

अशीं पांघरुणें अन्यत्रही होतात. बंगाल्यांत कांथा, बिहारांत सुजनी, सिंधमध्यें व राजस्थानांत रल्ली. कर्नाटकांतील उत्तर कन्नड जिल्ह्यांत हळियाळ, यल्लापूर व मुंडगोड ह्या भागांत सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आलेले. त्यांच्या स्त्रिया जी गोधडी करितात तिला कवंदी म्हणतात. तिच्या चारही कोपऱ्यांस कापडाच्या त्रिकोणी घड्या लावितात व त्यांस फुलें म्हणतात. फुलें नसलेली कवंदी त्यांच्या दृष्टीनें नागवी, म्हणजे पुरी न झालेली. काम कोठें संपतें ह्याची खूण त्यांनीं ठरवून ठेविली आहे. आपल्या घरच्या गोधडीची अशी खूण कोणती होती, हें घरांतील वडील स्त्रियांस त्या हयात आहेत तोंवर विचारून घ्यावें.

२. गाठोडें उघडतांना

पहिल्यानें गोधडी धुऊं नये. कच्चे टांके सुटतील व थर एकमेकांवरून सरकतील. कोरड्या दिवशीं स्वच्छ चादरीवर ती सावलींत पसरावी व वाऱ्यावर ठेवावी. सुई, टांचण्या असतील तर त्या प्रथम काढाव्या. कारण गंज केवळ डाग पाडीत नाहीं, तर हळूहळू सूत खातो.

मग तिचे तीन भाग मनांत करावे. जो भाग धड आहे तो. जो विरला आहे पण आधार दिल्यास टिकेल तो. आणि बोटानें हलकेंच ओढतांच जो फाटतो तो. उंदीर, कसर व ओल ह्यांनीं कोणत्या बाजूस किती नुकसान केलें तेंही पाहावें. तिसरा भाग अर्ध्याहून अधिक निघाला तर मोठ्या गोधडीचा आग्रह सोडावा आणि धड भागाचें एक दुपटें करावें. सबंध गोधडी पेटींत कुजूं देण्यापेक्षां तिच्या चतुर्थांशांत एखादें लेकरूं निजलेलें बरें.

३. रंगाची पारख

गोधडींतील रंग कसे बसविलेले आहेत हें ओळखल्याशिवाय तिला पाणी लावणें धोक्याचें आहे. पूर्वीं आपल्याकडे रंगारी लोक नीळ, आल, मंजिष्ठ, हिरडा, कात ह्यांनीं सूत व कापड रंगवीत. इ. स. १८५६ मध्यें विल्यम पर्किन नांवाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्यास डांबरापासून काढलेल्या द्रव्यांतून जांभळा रंग सांपडला. १८६८ मध्यें जर्मनींत मंजिष्ठेंतील तांबडें द्रव्य कृतीनें तयार झालें आणि १८९७ मध्यें कृत्रिम नीळ बाजारांत आली. त्यानंतर थोड्याच काळांत रंगाऱ्यांची माठांतली विद्या मागें पडली. म्हणून आपल्या आजीच्या गोधडींतील बहुतेक रंग कारखान्याचे असतात. त्यांपैकीं कांहीं पक्के असतात, कांहीं कच्चे.

परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या कापडाची ओली चिंधी प्रत्येक रंगाच्या तुकड्यावर थोडा वेळ दाबून धरावी. चिंधीस रंग लागला तर तो तुकडा कच्चा समजावा. मिठाच्या किंवा शिरक्याच्या पाण्यांत बुडविल्यानें कच्चा रंग पक्का होतो असें म्हणतात, परंतु त्यावर विसंबूं नये. अशी गोधडी धुण्यापेक्षां उन्हाची तिरीप चुकवून वाऱ्यावर टाकणें व हलकेंच झटकणें हेंच बरें.

काळ्या तुकड्यांकडे विशेष लक्ष द्यावें. जुन्या पद्धतीचा काळा रंग हिरडा व हिराकस ह्यांपासून करीत. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. त्यानें रंग खुलतो, पण वर्षें लोटलीं म्हणजे तेंच लोखंड सूत ठिसूळ करितें. भोंवतालचें कापड धड असतां काळा काठ तेवढा गळून पडलेला दिसतो, त्याचें कारण पुष्कळदां हें असतें.

४. नव्या तुकड्यांस घरीं रंग देणें

गोधडी पुरी करण्यास कांहीं तुकडे नवे लागतील. ते सुती असावेत. हल्लींचीं बरींच लुगडीं पॉलिएस्टरचीं असतात. त्यांवर घरगुती रंग चढत नाहीं. एक सूत काढून जाळून पाहावें. सुती असेल तर कागदासारखें जळून मऊ राख होते; पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गोळी होते.

रंगाकरितां दूर जावयास नको. लासलगांवच्या बाजारानें प्रसिद्ध झालेला आपला कांदा घरोघर आहे, आणि त्याची वाळलेली साल आपण केरांत टाकितों. सटाणा-मालेगांवाकडे डाळिंबाची सालही पुष्कळ. दोन्ही सालींनीं सुती कापड रंगतें. कृति अशी:

(अ) अर्धा किलो कापड घ्यावें. धुण्याचा सोडा घातलेल्या पाण्यांत तें उकळून त्याची खळ व तेलकटपणा काढावा व स्वच्छ पाण्यांतून काढावें.

(आ) सुमारें १०० ग्रॅम हिरड्याची पूड गरम पाण्यांत कालवून त्यांत कापड रात्रभर भिजत ठेवावें. सकाळीं पिळावें, धुऊं नये.

(इ) सुमारें ७५ ते १०० ग्रॅम तुरटी गरम पाण्यांत विरघळवून त्यांत कापड कांहीं तास बुडवून ठेवावें. सुतास रंगद्रव्य स्वतःहून नीट चिकटत नाहीं. हिरडा तुरटीस धरून ठेवितो आणि तुरटी रंगास. ह्या दोन पायऱ्या गाळल्यास पहिल्या धुण्यांतच रंग जाईल.

(ई) पाव ते अर्धा किलो वाळलेली साल तासभर उकळून पाणी गाळून घ्यावें. त्यांत कापड घालून मंद आंचेवर तासभर हलवीत राहावें व त्याच पाण्यांत निवूं द्यावें. सावलींत वाळवावें आणि कांहीं दिवसांनंतर धुवावें.

कांद्याच्या सालीनें पिवळ्यापासून नारिंगी-तपकिरीपर्यंत छटा येते, डाळिंबाच्या सालीनें मळकट पिवळी. चिमूटभर हिराकस घातल्यास रंग हिरवट, करडा होतो. तो अगदीं थोडा घालावा व मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. भांडें स्टीलचें असावें आणि तें पुन्हां स्वयंपाकास घेऊं नये. लोखंडी किंवा तांब्याच्या भांड्यानें रंग बदलतो. हळदीचा मोह टाळावा; तिचा रंग उन्हानें उडतो व साबणानें तांबडा पडतो. निळीस तुरटी लागत नाहीं. कापड निळीच्या माठांतून बाहेर येतांना हिरवट-पिवळें असतें आणि हवा लागतांच निळें होत जातें. पण तो माठ सांभाळणें हें कसबी रंगाऱ्याचें काम आहे. धुण्याची नीळ ही ती नीळ नव्हे, आणि तिनें कापड रंगत नाहीं.

हे रंग कांहीं वर्षांत थोडे फिके होतील. त्याचें दुःख नको. जुन्या गोधडीशेजारीं झगझगीत तुकड्यापेक्षां फिका तुकडा अधिक शोभतो.

५. शिवण पुरी करणें

नव्या, न आटलेल्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्रास लावूं नये, हा शुभवर्तमानांतील दाखला आपणांस पाठ आहे. दाखल्याचा अर्थ निराळा असला तरी ज्या घरगुती अनुभवावर तो उभारला आहे तो खरा आहे. नवा तुकडा धुतल्यावर आटतो व जुन्या कापडास ओढून फाडतो. म्हणून नवीन कापड दोनदां धुऊन, वाळवून मगच घ्यावें.

दोरा सुती घ्यावा. नायलॉनचा दोरा तुटत नाहीं ही त्याची कीर्ति. पण कापडाहून दोरा बळकट झाला म्हणजे तो कापडच कापतो. फाटण्याची वेळ आली तर दोरा फाटावा, कापड नव्हे. दोरा पुन्हां घालतां येतो.

विरलेल्या भागावर मऊ मलमलीचा तुकडा ठेवून चारी बाजूंनीं टांके घालावे. खालील जुनें कापड काढून टाकूं नये. थर पुन्हां नीट पसरून मध्यापासून बाहेर हात फिरवून झोळ काढावा व कच्चा दोरा घालावा. मग जेथें पहिल्या हाताचा दोरा थांबला तेथेंच आपला दोरा लावावा; जुन्या चार-पांच टाक्यांवरून तो नेऊन पुढें चालावें, म्हणजे सांधा सुटणार नाहीं.

येथें एक मोह होतो. आजीचे टांके वांकडे आहेत, अंतर सारखें नाहीं, तेव्हां तें उसवून सर्व नव्यानें सरळ शिवावें असें वाटतें. तसें करूं नये. चार बोटांच्या अंतरांत तिचे टांके किती आहेत ते मोजावे व साधारण तितकेच घालण्याचा यत्न करावा. तरीही दोन हात निराळे दिसतील. दिसूं द्यावे. शेवटींशेवटीं तिचे टांके लांब व विरळ झालेले दिसले तर समजावें कीं, तिची नजर मंद झाली होती किंवा बोटें दुखत होतीं, तरी ती शिवीत होती. तें उसविल्यावर ही हकीगत सांगणारें दुसरें कांहीं घरांत उरत नाहीं.

६. गोधडी कोणाची

गाठोडें न उघडण्याचें खरें कारण पुष्कळदां कापड नसतें. तीन लेकी आणि दोन सुना. उघडलें तर ती कोणाकडे जावी हा प्रश्न येईल, म्हणून कोणीच हात लावीत नाहीं. ह्यावर उपाय हाच कीं, निवाडा करण्यापूर्वीं सर्वांनीं मिळून शिवावी. प्रत्येकीनें एक बाजू घ्यावी. मुंबई-पुण्यास असलेलीनें आपल्या घरचा एक जुना सुती तुकडा पाठवावा. पुरुषांनींही बसावें, सुई धरल्यानें कोणाचा मान जात नाहीं. पुरी झाल्यावर ज्याला थंडींत तिची सर्वांत अधिक गरज, त्याच्याकडे ती प्रथम जावी. आपल्या निफाडाकडे हिवाळ्यांत कधीं कधीं पारा ५ अंशांखालीं उतरतो. तेथें अशी गोधडी शोभेची वस्तु नव्हे.

अमेरिकेंतील अलाबामा राज्यांत जीज बेंड नांवाचें निग्रो शेतकऱ्यांचें गांव आहे. तेथील मिसूरी पेटवे ह्या बाईचा पति वारला, तेव्हां १९४२ सालीं तिनें त्याचे शेतांत वापरलेले कपडे घेतले आणि मुलीच्या मदतीनें त्यांची गोधडी केली. त्याची आठवण राहावी आणि तिच्याखालीं निजतां यावें म्हणून. गुडघ्यांवर विरलेल्या विजारींच्या खुणा तिनें लपविल्या नाहींत. पुढें २००२ मध्यें त्या गांवच्या गोधड्या ह्यूस्टन व न्यूयॉर्क येथील मोठ्या संग्रहालयांत मांडल्या गेल्या आणि पाहणारे थक्क झाले. परंतु ती केली होती संग्रहालयासाठीं नव्हे, पांघरण्यासाठीं.

म्हणून गोधडी पुरी झाल्यावर एका सुती पट्टीवर जिनें आरंभिली तिचें नांव, ज्यांनीं पुरी केली त्यांचीं नांवें व दोन्ही सालें दोऱ्यानें भरून ती पट्टी एका कोपऱ्यास शिवावी. हीच आपली पुरी झाल्याची खूण. मग ती पुन्हां पेटींत ठेवूं नये. पांघरावी, उन्हांत टाकावी, फाटल्यास ठिगळ लावावें. वापरानें गोधडी झिजते हें खरें. पण जी कोणी पांघरीत नाहीं तिची दुरुस्ती करण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं.

उजळणीचे प्रश्न

१. गोधडीस ऊब कशामुळें येते? टांके जवळ घालण्याचें कारण काय?
२. कच्चा रंग कसा ओळखावा? काळा तुकडा लवकर कां गळतो?
३. हिरडा व तुरटी ह्यांचें काम काय?
४. कापडाहून बळकट दोरा कां वापरूं नये?
५. जुने टांके न उसवितां काम पुढें न्यावें असें कां म्हटलें आहे?
६. आपल्या घरीं अपुरी राहिलेली गोधडी आहे काय? ती कोणीं आरंभिली, आणि तिच्यांतील कापडें कोणाचीं, हें सांगणारें माणूस आज कोण आहे? हिवाळ्यापूर्वीं त्यास विचारून लिहून ठेवावें.