शस्त्र परवान्याचा अर्ज आणि जुने किरकोळ गुन्हे: हैदराबादेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

शस्त्र परवान्याचा वैयक्तिक अर्ज शस्त्र नियम, 2016 मधील ए-1 या नमुन्यात करावा लागतो. हैदराबाद शहरात परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांकडे आहे. अर्जदार अफझलगंजात राहत असेल, तर त्याच्याविषयीचा अहवाल अफझलगंज पोलीस ठाण्याकडून मागवला जातो. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी सांगली जिल्ह्यातून देशभर पांगलेले गलाईवाले, बाजारातला रोकडीचा व्यापार सांभाळणारे, सराफी पेढीवर किंवा बँकेत स्वतःच्या बारा बोरच्या बंदुकीसह पहारा देणारे माजी सैनिक, असे नाना प्रकारचे लोक हा अर्ज भरतात. पत्ता, व्यवसाय, शस्त्राचा प्रकार हे रकाने झटपट भरून होतात. हात थांबतो तो एका प्रश्नापाशी: अर्जदार पूर्वी कधी दोषी ठरला आहे काय? ठरला असल्यास गुन्हा, शिक्षा आणि तारीख लिहायची असते. त्याच्याच जोडीला, शांतता राखण्यासाठी किंवा चांगल्या वर्तणुकीसाठी कधी बंधपत्र लिहून घेतले गेले काय, हाही प्रश्न असतो.

घोटाळा होतो तो 'दोषी' म्हणजे काय हे नीट न कळल्यामुळे. तुरुंगात गेलो नाही म्हणजे शिक्षा झाली नाही, अशी सर्रास समजूत आहे. ती चुकीची आहे. न्यायालयात उभे राहून गुन्हा कबूल केला, दोनशे रुपये दंड भरला आणि तासाभरात घरी आलो, तरी कायद्याच्या हिशेबी ती दोषसिद्धीच. महाराष्ट्रातून येणाऱ्यांच्या खात्यावर अशा गोष्टी पुष्कळदा निघतात: महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 110/117 कलमाखाली सार्वजनिक ठिकाणच्या गैरवर्तनाबद्दल झालेला दंड, जमावबंदी मोडल्याचे कलम 135, कॉलेजच्या दिवसांत जुगाराच्या छाप्यात लागलेले नाव, 2020 च्या टाळेबंदीतले भारतीय दंड संहितेचे कलम 188. हैदराबादेत काही वर्षे काढलेल्यांच्या नावावर 'पेटी केस' असू शकते. हैदराबाद सिटी पोलीस कायदा, 1348 फसली, अजून लागू आहे आणि किरकोळ उपद्रवाची प्रकरणे त्याखाली न्यायालयात जातात. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या 185 कलमाखाली झालेला दंडही याच सदरात मोडतो, आणि तो विसरणारे सर्वांत जास्त.

उलट, काही गोष्टी दोषसिद्धी नसतात आणि त्या तशा लिहूही नयेत. वाहतुकीचे ई-चलन ऑनलाइन भरून तडजोडीने मिटवले असेल, तर कोणी दोषी ठरलेले नसते. शेजाऱ्याशी झालेल्या मारामारीचा खटला न्यायालयात किंवा लोकअदालतीत तडजोडीने मिटला, तर त्याचा परिणाम निर्दोष सुटकेचा असतो. अदखलपात्र नोंद, म्हणजे 'एनसी', ही नुसती नोंद. अठरा वर्षांच्या आतल्या कृत्याबद्दल बाल न्याय कायदा, 2015 चे कलम 24 संरक्षण देते. मात्र सोळा ते अठरा वयात ज्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालला, त्याला ते लागू नाही. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडले असेल, तर दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता येत नाही. पण दोषी ठरल्याची गोष्ट खरीच असते, म्हणून ती कलमासकट सांगावी.

बंधपत्राचा प्रश्न वेगळा आणि अधिक नाजूक आहे. महाराष्ट्रात जिला 'चॅप्टर केस' म्हणतात, तिलाच हैदराबादेत 'बाइंड ओव्हर' म्हणतात. निवडणूक किंवा मोठी मिरवणूक तोंडावर आली की पोलीस अनेकांना कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे नेऊन हमी घेतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 107 आणि 110 कलमांखाली होई. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची 126 आणि 129 ही कलमे लागू आहेत. यात शिक्षा नसते, म्हणून माणसे ते विसरतात. शस्त्र कायदा, 1959 मात्र विसरत नाही. बंधपत्राची मुदत चालू असेपर्यंत त्या व्यक्तीला कलम 9 खाली शस्त्र बाळगायला स्पष्ट मनाई आहे.

त्याच कलमानुसार, हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद झालेल्याला शिक्षा संपल्यावर पाच वर्षे शस्त्र बाळगता येत नाही. नुसत्या दंडाला ही बंदी नाही. याचा अर्थ जुन्या किरकोळ दंडाने अर्ज आपोआप बाद होत नाही. अधिकाऱ्याला कलम 14 खाली अर्जदार 'अयोग्य' आहे काय हे पाहायचे असते, आणि तिथे दंडाच्या रकमेपेक्षा स्वभाव मोजला जातो. वीस वर्षांपूर्वीचा एक दंड आणि गेल्या तीन वर्षांतल्या मारामारीच्या दोन तक्रारी यांना सारखे वजन मिळत नाही, मिळूही नये.

लपवाछपवीला मात्र कायद्यात स्वतंत्र जागा आहे. महत्त्वाची माहिती दडवून किंवा चुकीची माहिती देऊन मिळवलेला परवाना कलम 17 खाली रद्द करता येतो. शिवाय कलम 30 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नोकरीच्या अर्जात माहिती दडवल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग खटल्यात 2016 साली क्षुल्लक आणि गंभीर गुन्ह्यांत भेद केला होता. तरुणपणी दिलेल्या घोषणा किंवा तसला क्षुल्लक गुन्हा यांकडे दुर्लक्ष करायला त्यात वाव ठेवला आहे. तो निकाल परवान्याबद्दलचा नसला, तरी वकील त्याचा आधार घेतात.

नोंद कशी लिहावी? छोटी आणि पूर्ण. उदाहरणार्थ: 'सन 2011, पुणे शहर, महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम 110/117, गुन्हा कबूल, दंड 200 रुपये, त्याच दिवशी भरला, त्यानंतर कोणताही गुन्हा नाही.' रकान्यात जागा पुरत नसेल तर वेगळा कागद जोडावा. 'मित्रांनी अडकवले', 'पोलिसांनी खोटे लावले' असली वाक्ये टाळावीत, कारण कबुली देऊन दंड भरल्यावर त्यांना अर्थ उरत नाही. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल त्या गावच्या न्यायालयातून काढावी. हैदराबादेतल्या प्रकरणासाठी नामपल्लीच्या फौजदारी न्यायालयात चौकशी करावी लागते. जुने कागद नष्ट झाले असतील, तर तसे लेखी उत्तर घ्यावे आणि 'आठवणीप्रमाणे' असा शब्द घालून माहिती द्यावी.

चालू खटल्याबद्दल वेगळी काळजी हवी. तो दोषसिद्धी नाही, पण पोलीस अहवालात येतोच. सीसीटीएनएस या पोलीस ठाण्यांच्या देशव्यापी जाळ्यामुळे नांदेडच्या ठाण्यातला गुन्हा अफझलगंजात पडद्यावर दिसतो, आणि न्यायालयांच्या ई-कोर्ट्स या संकेतस्थळावर नाव टाकले की खटल्याची तारीखसुद्धा कळते. अर्जदाराने आधीच सांगितलेली गोष्ट अहवालात दिसली तर ती नुसती ताळ्याची होते. न सांगितलेली दिसली तर संशयाची.

वडिलांची बंदूक मुलाच्या नावे करतानाही हाच नियम लागतो. परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगले, तर ते कायदेशीर वारसाकडे देता येते. पण वारसाचा अर्ज त्याच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या इतिहासावर तपासला जातो. वडिलांची निष्कलंक पाटी तिथे कामाला येत नाही.

अर्ज नाकारल्यास अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक आहे. सार्वजनिक हिताला बाधा येत नसेल, तर मागणी केल्यावर त्यांचा गोषवारा अर्जदाराला द्यावा लागतो, आणि कलम 18 खाली अपील करता येते. माहिती प्रामाणिकपणे दिली असेल, तर हे अपील लढवण्याजोगे असते.