गावची पोलीस व्यवस्था : रचना, कर्तव्ये आणि आपली नोंद

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासवर्गात एक वयस्क बाई प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद घेऊन आल्या. शेताच्या बांधावरून झालेल्या भांडणात त्यांच्या मुलाला काठीने मारहाण झाली होती. हाताचे हाड मोडले होते. "केस टाकली आहे, सात महिने झाले, पण तारीखच येत नाही," असे त्यांचे म्हणणे होते. कागद उलगडून पाहिला, तर ती अदखलपात्र नोंदीची पावती होती. ज्याला तपास म्हणतात तो सुरूच झालेला नव्हता. बाई सात महिने वाट पाहत होत्या, आणि ज्या गोष्टीची वाट पाहत होत्या ती मुळात घडणारच नव्हती.

त्या दिवशी वर्गातल्या शिकलेल्या मुलांनाही त्या कागदाचा अर्थ सांगता आला नाही. म्हणून आपल्या महाराष्ट्रातील गावची पोलीस व्यवस्था कशी असते, तिच्यात कोणाचे काम काय आणि नागरिकाने कोठे काय मागावे, याची थोडक्यात माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

१) पूर्वीची व्यवस्था

इंग्रजी अमलापूर्वीपासून गावचा बंदोबस्त वतनदारांकडे होता. पाटील हा गावचा मुख्य. परंतु प्रत्यक्ष राखणीचे कष्टाचे काम महार वतनदारांकडे असे. वेसकर म्हणून रात्री वेशीवर पहारा देणे, चोराचा माग काढणे, सरकारी निरोप पोचविणे, मयताची खबर परगावी नेणे, गावाच्या शिवेच्या वादात साक्ष देणे ही सारी कामे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. मोबदला म्हणजे इनामाचा लहानसा तुकडा आणि बलुते. कामाला वेळेची मर्यादा नव्हती आणि नकार देण्याची सोय नव्हती.

इंग्रज सरकारने १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्याने आणि १८७४ च्या वतन कायद्याने या व्यवस्थेला कायद्याची चौकट दिली. वतनाचे जोखड मात्र तसेच राहिले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. ते त्या वेळी मंजूर होऊ शकले नाही. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्राम वतने रद्द झाली आणि १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरागत पाटीलकी संपली. ज्यांनी शतकानुशतके गावाची राखण केली, त्यांच्याच नातवंडांना आज ठाण्याची पायरी चढताना संकोच वाटतो. माहिती मिळाली तर हा संकोच जाऊ शकतो.

२) पोलीस पाटील

सध्याची व्यवस्था 'महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७' या कायद्यावर उभी आहे. पोलीस पाटील हे पद आता वंशपरंपरेने मिळत नाही. उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपण ज्यांना प्रांत म्हणतो, ते ही नेमणूक करतात. उमेदवार त्या गावचा रहिवासी, किमान दहावी उत्तीर्ण आणि २५ ते ४५ वर्षे वयाचा असावा लागतो. लेखी परीक्षा ८० गुणांची व तोंडी परीक्षा २० गुणांची असते. या पदाला आरक्षण लागू आहे, त्यामुळे काही गावांची पदे अनुसूचित जाती-जमातींसाठी व महिलांसाठी राखीव असतात. २०२४ साली शासनाने मानधन दरमहा १५,००० रुपये केले. आपल्या शिकलेल्या मुला-मुलींनी या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

अधिनियमाच्या कलम ६ मध्ये पोलीस पाटलाची कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांपैकी मुख्य अशी :

(अ) गावातील गुन्ह्यांची स्थिती, तसेच लोकांचे आरोग्य व सर्वसाधारण परिस्थिती यांची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना वेळोवेळी देणे.
(आ) सार्वजनिक शांततेला बाध येईल अशी कोणतीही बातमी पोलीस ठाण्याला कळविणे.
(इ) गावात गुन्हे व उपद्रव होऊ न देणे. घडल्यास गुन्हेगाराचा शोध घेण्यास झटणे.
(ई) दंडाधिकारी व पोलीस अधिकारी यांचे हुकूम व वॉरंट बजावणे आणि पोलिसांना साहाय्य करणे.

येथे तीन गोष्टी नीट लक्षात ठेवाव्यात. पहिली, सरपंच निवडून येतो, पोलीस पाटील नेमला जातो. दोघांचे अधिकार वेगळे आहेत. दुसरी, पोलीस पाटील हा खबर देणारा व मदत करणारा दुवा आहे. तक्रार ठाण्यात घ्यावी की घेऊ नये हे ठरविण्याचा अधिकार त्याला नाही. "आधी पाटलांची चिठ्ठी आणा," असे कोणी म्हटल्यास त्याला कायद्याचा आधार नाही. तिसरी, पोलीस पाटलाने कर्तव्यात कसूर केल्यास त्याच्याविरुद्ध प्रांताधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते.

३) ठाणे, दूरक्षेत्र आणि बीट

एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत अनेक गावे असतात. हद्द मोठी असल्यास मधल्या मोठ्या गावी दूरक्षेत्र, म्हणजे पोलीस चौकी असते. हद्दीचे भाग पाडून प्रत्येक भाग एका अंमलदाराकडे सोपविलेला असतो. त्याला बीट म्हणतात आणि तो सांभाळणारा तो बीट अंमलदार. पोलीस पाटील रोजच्या कामात बहुधा याच्याच संपर्कात असतो.

पदांचा क्रम खालून वर असा : पोलीस शिपाई, हवालदार, सहायक फौजदार, पोलीस उपनिरीक्षक (फौजदार), सहायक पोलीस निरीक्षक, पोलीस निरीक्षक. ठाण्याचा प्रभारी अधिकारी लहान ग्रामीण ठाण्यात बहुधा सहायक पोलीस निरीक्षक आणि मोठ्या ठाण्यात पोलीस निरीक्षक असतो. त्यांच्यावर उपविभागीय पोलीस अधिकारी आणि जिल्ह्याला पोलीस अधीक्षक.

ठाण्यात पाऊल टाकताच टेबलाशी जो बसलेला असतो तो ठाणे अंमलदार. ठाणे दैनंदिनी त्याच्यापुढे असते. कोण आले, काय सांगितले, कोणता कर्मचारी कोठे गेला याची वेळेसह नोंद तिच्यात होते. ठाण्याचे खरे काम या नोंदीपासून सुरू होते.

४) दखलपात्र आणि अदखलपात्र

दि. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी 'भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३' लागू झाली आहे. गुन्ह्यांचे दोन वर्ग तिच्यातही पूर्वीसारखेच आहेत.

दखलपात्र गुन्हा म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या हुकुमाची वाट न पाहता तपास करू शकतात, उदा. खून, बलात्कार, चोरी, गंभीर दुखापत. त्याची खबर कलम १७३ प्रमाणे लिहून घेतली जाते. यालाच प्रथम खबर अहवाल किंवा एफ.आय.आर. म्हणतात. अदखलपात्र गुन्हा म्हणजे साधी शिवीगाळ, किरकोळ दुखापत इत्यादी. त्याची नोंद कलम १७४ प्रमाणे होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. लोकांच्या बोलण्यातली "एन.सी." ती हीच.

आता सुरुवातीच्या बाईंचा कागद पुन्हा पाहू. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे व तो दखलपात्र गुन्हा आहे. मारहाण झाली त्या संध्याकाळी त्यांनी ठाण्यात "मुलाला मारले" एवढेच सांगितले. क्ष-किरण तपासणी दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात झाली. तो अहवाल घरीच राहिला. तो घेऊन त्या पुन्हा ठाण्यात गेल्या असत्या, तर नोंदीचे स्वरूप बदलले असते. हे त्यांना कोणीही सांगितले नाही. ठाण्यात सांगितले नाही आणि आपल्यापैकीही कोणी सांगितले नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात दि. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी निर्णय दिला की, मिळालेल्या खबरीतून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफ.आय.आर. नोंदविणे पोलिसांना बंधनकारक आहे. नव्या संहितेत तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. परंतु अनुसूचित जाती-जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ खालील गुन्ह्यांत एफ.आय.आर. नोंदविण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही, असे त्या अधिनियमाचे २०१८ साली घातलेले कलम १८-अ सांगते.

याच अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे तोंडी दिलेली खबर लिहून घेणे, सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखविणे आणि तिची प्रत देणे ही अधिकाऱ्याची कर्तव्ये आहेत. अनुसूचित जाती-जमातीबाहेरील लोकसेवकाने ती जाणूनबुजून टाळल्यास त्याला सहा महिने ते एक वर्ष कैदेची तरतूद आहे. १९९५ च्या नियमांनुसार तपास पोलीस उपअधीक्षकाहून कमी दर्जाच्या नसलेल्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो. असे गुन्हे गावकीत बसून मिटविण्याचा अधिकार कोणत्याही समितीला नाही.

५) ठाण्यात जाताना

१. शक्यतो दोघांनी जावे. घटनेची तारीख, वेळ, ठिकाण, माणसांची नावे व साक्षीदार कागदावर लिहून न्यावेत. दवाखान्याचे कागद सोबत असावेत.
२. लिहून घेतलेले वाचून दाखविण्यास सांगावे. समजल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये.
३. एफ.आय.आर.ची प्रत विनामूल्य मिळते, ती मागून घ्यावी. कागदावर कलम १७३ आहे की १७४, हे तेथेच पाहावे.
४. "हे गाव आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठविता येत नाही. हद्द कोणतीही असो, खबर घेऊन ती योग्य ठाण्याकडे पाठवावी लागते.
५. नोंद नाकारल्यास खबरीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावा व पोचपावती जपावी. तेथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.
६. तपासाची प्रगती ९० दिवसांच्या आत फिर्यादीला कळविणे पोलिसांवर बंधनकारक आहे.
७. साक्षीसाठी स्त्रियांना, १५ वर्षांखालील मुलांना व ६० वर्षांवरील पुरुषांना ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांची चौकशी राहत्या घरी करावी लागते.
८. अटक झाल्यास कारण विचारावे. अटक केलेल्या माणसाला प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावे लागते.
९. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक फिरवावा.

६) आपली जबाबदारी

महाराष्ट्र पोलिसांच्या बोधचिन्हावर 'सद्रक्षणाय खलनिग्रहणाय' हे ब्रीद आहे. सज्जनांचे रक्षण आणि दुर्जनांचा बंदोबस्त, असा त्याचा अर्थ. अपुऱ्या मनुष्यबळावर, सण-निवडणुकांच्या बंदोबस्तात रात्रंदिवस उभे राहून हे ब्रीद पाळणारे शिपाई-हवालदार आपल्या ओळखीचे आहेत. कित्येक आपल्याच घरांतले आहेत. त्यांच्याशी आदराने बोलावे. आणि आपला हक्कही तितक्याच शांतपणे, कागद हातात ठेवून मागावा.

वस्तीतील बारावी झालेल्या प्रत्येक मुला-मुलीला कागद वाचता यावा, एवढे तरी आपण करू शकतो. महिन्यातून एक रविवार विहारात किंवा शाळेच्या खोलीत कोणीतरी बसावे आणि आलेल्या माणसाचा कागद वाचून त्याचा अर्थ त्याला सांगावा. त्या बाईंसारखे कोणी सात महिने वाट पाहत राहू नये.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. पोलीस पाटील व सरपंच यांच्या नेमणुकीत व अधिकारांत काय फरक आहे?
२. दखलपात्र व अदखलपात्र गुन्ह्यांतील फरक दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
३. आपले गाव कोणत्या ठाण्याच्या व कोणत्या बीटमध्ये येते? बीट अंमलदार व पोलीस पाटील कोण आहेत? माहिती घेऊन वहीत लिहा.