मतदान प्रशिक्षणाची सक्ती आणि तिच्यामागची धास्ती

निवडणूक जाहीर झाली की शिक्षक, ग्रामसेवक, महसूल व पाटबंधारे खात्यांतील कर्मचारी आणि बँकांतील लिपिक यांच्या हाती प्रशिक्षणाचे आदेश पडू लागतात, आणि त्यासोबत जी नाराजी उमटते तिला वरिष्ठ अधिकारी बहुधा कामचुकारपणा समजतात. वस्तुतः त्या नाराजीत दोन वेगळ्या भावना मिसळलेल्या असतात : सुट्टीच्या दिवसांत, आपले मत न विचारता बोलावले गेल्याचा सल, आणि मतदान केंद्रावर हातून काही चूक झाली तर ती निस्तरता येणार नाही ही धास्ती. पहिली भावना उघडपणे बोलली जाते, दुसरी सहसा बोलली जात नाही. आणि दुसरीवर उपाय करण्याचे जे एकमेव ठिकाण, म्हणजे प्रशिक्षणवर्ग, तेथे पहिलीच्या रागापोटी लक्ष दिले जात नाही, हे या विषयातील खरे दुखणे आहे.

सक्तीला कायद्याचा भक्कम आधार आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 28अ नुसार नियुक्त कर्मचारी निवडणूक काळापुरता निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर, म्हणजे आयोगाच्या नियंत्रणाखाली आणि शिस्तीखाली, असल्याचे मानले जाते, तर कलम 134 नुसार कर्तव्यात कसूर करणे हा दंडनीय अपराध ठरतो. शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत असे सांगणाऱ्या 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नेही जनगणना आणि आपत्ती निवारण यांच्यासोबत निवडणुकीचा अपवाद ठेवलेला आहे. त्यामुळे आजारपण, गरोदरपण किंवा घरी अंथरुणाला खिळलेले माणूस अशी वाजवी अडचण असलेल्याने गैरहजर राहून नोटीस ओढवून घेण्यापेक्षा पहिल्या प्रशिक्षणाआधीच कागदपत्रांसह लेखी अर्ज करून त्याची पोच जवळ ठेवावी. ही साधी गोष्ट न केल्याने खरी अडचण असलेली माणसेही खुलासे लिहीत बसतात.

धास्तीचे मूळ मात्र कायद्यात नसून यंत्राच्या आणि कागदांच्या क्रमात आहे. अभिरूप मतदान, म्हणजे प्रत्यक्ष मतदानाच्या 90 मिनिटे आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मते टाकून घेतली जाणारी यंत्राची चाचणी, ही या क्रमातील सर्वांत नाजूक पायरी होय. मतदान सकाळी 7 वाजता सुरू व्हायचे असेल तर ही चाचणी साडेपाचला सुरू करावी लागते. आदल्या रात्री शाळेच्या वर्गखोलीत जेमतेम झोप झालेली असते, आणि प्रतिनिधी घाई करीत असतात. चाचणी संपल्यावर कंट्रोल युनिटवर ‘क्लोज’, ‘रिझल्ट’ आणि ‘क्लिअर’ ही तीन बटणे याच क्रमाने दाबायची, व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मताची छापील चिठ्ठी दाखविणाऱ्या यंत्राच्या, पेटीत पडलेल्या चाचणीच्या चिठ्ठ्या काढून त्यांवर शिक्का मारून त्या काळ्या लिफाफ्यात मोहोरबंद करायच्या, आणि मगच यंत्राला सील लावायचे, असा नियम आहे. ‘क्लिअर’ राहून गेले तर चाचणीची मते खऱ्या मतांत मिसळतात. अशा केंद्राचे यंत्र मतमोजणीत बाजूला ठेवावे लागते, आणि मताधिक्य त्या केंद्रातील मतांपेक्षा कमी भरल्यास चिठ्ठ्या मोजण्याची पाळी येते. हे ज्याने सभागृहात शेवटच्या रांगेत बसून केवळ पडद्यावर पाहिले, त्याला पहाटेच्या त्या गडबडीत ते आठवेलच असे नाही. ज्याने तीच बटणे स्वतःच्या बोटांनी दोन-चार वेळा दाबली, त्याला आठवावे लागत नाही. म्हणून व्याख्यान संपताच बाहेर पडण्याऐवजी सरावाच्या यंत्रांकडे जावे, आणि तेथे गर्दी असली तरी आपली पाळी सोडू नये.

संध्याकाळच्या हिशेबाचेही असेच आहे. नमुना 17क, म्हणजे मतदार नोंदवहीतील एकूण नोंदी, मत न देता परत गेलेले मतदार आणि यंत्राने दाखविलेली एकूण मते यांचा ताळा मांडणारा लेखा, तयार करताना आकडा जुळला नाही की केंद्राध्यक्षाचा धीर सुटतो. प्रशिक्षणातच काल्पनिक आकडे घेऊन हा नमुना एकदा पेन्सिलीने भरून पाहणे हे पुस्तिका तीनदा वाचण्यापेक्षा अधिक उपयोगी पडते. प्रदत्त मत, म्हणजे आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळलेल्या मतदाराला यंत्राऐवजी मतपत्रिकेवर देऊ केलेले मत, हा विषय क्वचितच उपयोगी पडतो म्हणून घाईने आटोपला जातो. पण वाद होतो तो नेमका तेथेच, म्हणून त्याची कार्यपद्धती विचारून, लिहून घ्यावी.

दुसऱ्या प्रशिक्षणाचे महत्त्व निराळे आहे. संगणकीय सरमिसळीतून तोपर्यंत मतदान पथके ठरलेली असतात, आणि एरवी एकमेकांचे तोंडही न पाहिलेले केंद्राध्यक्ष व मतदान अधिकारी त्या दिवशी प्रथमच भेटतात. शाई कोण लावणार, नोंदवही कोण सांभाळणार, एखाद्या सहकाऱ्याला मधुमेह आहे का, महिला सहकाऱ्यांच्या मुक्कामाची सोय कशी, हे त्याच भेटीत बोलून घेतलेली पथके दिवसभर शांतपणे काम करतात, असा केंद्रांवर काम केलेल्यांचा अनुभव आहे. स्वतःच्या मताचा प्रश्नही येथेच सुटतो : टपाली मतासाठी नमुना 12 आणि आपल्याच मतदारसंघात नेमणूक असल्यास कर्तव्य प्रमाणपत्रासाठी नमुना 12अ वेळेत भरून दिला नाही, तर हजारोंचे मतदान घडवून आणणारा कर्मचारी स्वतः मताविना राहतो.

आयोजकांची जबाबदारी यात कमी नाही. शेकडो माणसे एका नाट्यगृहात बसवून, सरावाची मोजकी यंत्रे व्यासपीठावर ठेवून, हजेरीच्या सह्या मात्र काटेकोरपणे घेतल्या जातात, तेव्हा प्रशिक्षणार्थींना हजेरी हाच या दिवसाचा हेतू वाटू लागतो, आणि तो समज त्यांचा दोष मानता येत नाही. लहान तुकड्या, प्रत्येक तुकडीला स्वतंत्र यंत्र, आणि व्याख्यानापेक्षा सरावाला अधिक वेळ, एवढी व्यवस्था तालुक्याच्या ठिकाणी शाळांच्या वर्गखोल्यांत सहज होऊ शकते.