पाटीशेजारचा माणूस

वर्गात विनोदाची चर्चा निघाली की ती बहुधा नाटकापाशी नाहीतर ललित निबंधापाशी थांबते. ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या कृष्णधवल फोटोंकडे ती वळत नाही. सातारा-सांगलीकडच्या ओळखीच्या घरांतले असे फोटो मी मुद्दाम पाहिले. त्यांत एक प्रकार पुन्हा पुन्हा आढळला : गावाच्या नावाची पाटी आणि तिच्याशेजारी ऐटीत उभा असलेला माणूस.

कृष्णाकाठी, वाळवा आणि पलूस तालुक्यांत, दुधारी, दह्यारी, ताकारी आणि तुपारी अशी गावे आहेत. (लोणी तेवढे कुठे सांडले कोण जाणे!) त्यांपैकी ताकारीला रेल्वे स्टेशन आहे. तिथल्या पाटीखाली एक गृहस्थ रिकामा पेला तोंडाला लावून उभे आहेत. कराड तालुक्यातल्या मसूरच्या पाटीपुढे दोघे जण पंगतीला बसावे तशी मांडी घालून बसले आहेत. विट्याच्या मैलाच्या दगडाशेजारी डोक्यावर वीट घेतलेला पोरगा आहे. आणि तासगाव तालुक्यातल्या वायफळे गावच्या पाटीखाली एक जण भाषणाच्या पवित्र्यात हात उंचावून उभा!

श्लेष हा आपण शब्दालंकार म्हणून शिकतो. येथे त्याचा एक अर्थ सरकारी रंगाऱ्याने लिहिलेला असतो, दुसरा माणूस आपल्या देहाने पुरवतो. पाटी बिचारी गंभीरच राहते, म्हणून हसू येते. त्यातून आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यात एका रोलवर फोटो निघत बाराच. त्यांतला एक थट्टेवर खर्च करणाऱ्याला ती थट्टा मोलाची वाटली असली पाहिजे.

माझ्या आजीला अक्षरओळख नाही. विट्याच्या फोटोत तिला दिसले ते उन्हात उभे केलेले पोर. "कुणाचं रे हे? वीट कशाला दिली त्याला?" असे तिने विचारले. पाटी वाचून दाखवल्यावर मात्र ती पदर तोंडाला लावून हसली. या विनोदाला आधी शाळेची पायरी चढावी लागते.

सगळीच नावे हसण्याजोगी नसतात. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. तसल्या पाटीशेजारी हसत उभा राहिलेला माणूस मला एकाही अल्बमात आढळला नाही. तिथे परका हसला असता, तर ते हसू तिथे राहणाऱ्याला लागले असते. वायफळेचा वक्ता त्याच गावचा आहे. त्याने स्वतःलाच पाटीखाली उभे केले आहे, आणि फोटोच्या पाठीमागे निळ्या शाईने लिहिले आहे : 'अध्यक्षीय भाषण'.